टर्बो उतरवताना : एका जुन्या मल्टिजेटचा पंचनामा

टर्बोचार्जरची आकृती आपण सगळ्यांनी काढली आहे. दोन गोगलगायी, मधे एक दांडा, एका बाजूला तांबडे बाण, दुसऱ्या बाजूला निळे. व्हायव्हाला एक्स्टर्नलनी विचारलं की आपण "सर, एक्झॉस्ट गॅसमधली वाया जाणारी एनर्जी वापरून..." एवढं रेटून देतो आणि बाहेर येऊन कटिंग मागवतो. त्या आकृतीत दोन गोष्टी कधीच नसतात. एक म्हणजे तेलाच्या नळ्या आणि दुसरी म्हणजे गंजलेले नट. जुन्या गाडीचा टर्बो खोलायला बसलं की दिवसभर काम पडतं ते फक्त या दोनच गोष्टींशी.

या सुट्टीत मी आमच्या गल्लीच्या टोकाच्या गॅरेजमध्ये एक टर्बो आणि त्याचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवायला मदत केली. तिथल्या मिस्त्रींना सगळेच मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणेन. गाडी २०११ ची, १२४८ सीसी मल्टिजेट डिझेल. हे इंजिन कोणत्या एका गाडीचं असं म्हणताच येत नाही. मुळात ते फियाट आणि जनरल मोटर्स यांनी केलेलं, पण आपल्याकडे मारुती, टाटा, फियाट, शेवरोले अशा सगळ्यांच्या बॉनेटखाली ते नांदलं. आपल्या रांजणगावला बनायचं, तिकडे मानेसरला बनायचं. २०२० मध्ये बीएस-६ आलं, मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या आणि त्याचा जमाना संपला. पण रस्त्यावर अजून ही इंजिनं भरपूर आहेत, त्यामुळे पुढची दहा वर्षं तरी मिस्त्री लोकांना यांचे टर्बो खोलावे लागणार.

गाडीचे मालक भाडं मारतात, सांगली-पुणे. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी दुसऱ्या गावात एका गॅरेजमध्ये टर्बो बदलून घेतला होता. आता परत तोच त्रास : सकाळी चालू केली की निळा धूर, तेल कमी होतं, घाटात पिकअप नाही. जिथे दाखवली तिथे उत्तर एकच, "टर्बो गेला, नवीन टाका." काका मामांना म्हणाले, "आणखी एक टर्बो टाकायचा असंल तर गाडी इकलेली बरी." मामा म्हणाले, "आधी उतरवू तर दे."

उतरवणं म्हणजे नुसतं काढणं नाही, हे मला त्या दोन दिवसांत कळलं. टर्बो स्वतःहून क्वचित मरतो. त्याला कोणीतरी मारतं : कमी तेल, घाण तेल, अडलेलं तेल, नाहीतर आत शिरलेला खडा. मारणारा तसाच राहिला तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. युरोपात फोर्ड आणि प्यूजो-सित्रोएन यांच्या १.६ लिटर डिझेल इंजिनाची अशीच ख्याती झाली होती. इंजेक्टरच्या बुडाशी गळती होऊन काजळी तेलात मिसळायची, टर्बोच्या तेलाच्या नळीतली बारीक जाळी तुंबायची आणि लोक टर्बोवर टर्बो बदलत बसायचे. म्हणून प्रत्येक नळी, प्रत्येक पॅकिंग काढताना बघून काढायचं. पंचनाम्यात जसं वस्तू जागेवरून हलवायच्या आधी लिहून घेतात, तसंच.

आधी थोडी थिअरी, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. या इंजिनाच्या ७५ हॉर्सपॉवरच्या प्रकारात टर्बो अगदी छोटा असतो, आतलं चाक लिंबाएवढं. व्यास ३५ मि.मी. आणि वेग मिनिटाला दोन लाख फेरे धरा. परिघाचा वेग येतो सेकंदाला साधारण ३६६ मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा जास्त! एवढ्या वेगाला या टर्बोत बॉल बेअरिंग नसतं. दांडा पितळेसारख्या मिश्रधातूच्या तरंगत्या बुशमध्ये, तेलाच्या पापुद्र्यावर फिरतो. बुशच्या आतही तेल, बाहेरही तेल.

आता गंमत बघा. या दांड्यावर आपल्या ओळखीचं रबरी ऑइल सील नसतं. टर्बाइनच्या बाजूच्या तापमानाला रबर टिकणार कसं? तिथे पिस्टन रिंगसारखी एक बारीक लोखंडी रिंग असते, तीही पूर्ण बंद होत नाही. मग तेल बाहेर का येत नाही? दोन कारणं. चाकांच्या बाजूचा वायूचा दाब तेलाला आत ढकलून ठेवतो, आणि तेल बेअरिंगमधून पडलं की लगेच खालच्या नळीने संपमध्ये निघून जातं, तिथे साठत नाही. आत येणारी नळी बॉलपेनच्या रिफिलहून थोडी जाड, आणि परत जाणारी जवळजवळ अंगठ्याएवढी. कारण आत येताना तेल पंपाच्या दाबाने येतं आणि परत जाताना फेसाळलेलं, फक्त गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर जातं. म्हणजेच ही जाड नळी थोडी जरी अडली, तरी तेल वर साठतं आणि त्या रिंगांवरून चाकांकडे ओसंडतं. अगदी नवा टर्बो असला तरी! हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात झाली ती काहीही न करता. मामांनी संध्याकाळी मॅनिफोल्डच्या प्रत्येक नटावर गंज सोडवायचं तेल मारलं आणि हात पुसले. मी पाना घेऊन तयार. "मामा, आता खोलायचं ना?" "घाई हाय का तुला? उद्या खोलू. रातभर तेल पिऊ दे."

ही रात्रभराची सवलत का द्यायची, ते एस.ओ.एम.च्या गणिताने सांगतो. मॅनिफोल्डचे स्टड बहुधा एम-८ असतात. आट्यांच्या मुळाशी व्यास धरा ६.६५ मि.मी. गंजलेला नट स्टडला धरून बसला असेल तर पान्याचा सगळा टॉर्क स्टडला पिळतो. २० न्यूटन-मीटर टॉर्कला कातर ताण येतो साधारण ३४६ मेगापास्कल. ८.८ ग्रेडचा नवा कोरा स्टड कातर ताणात ३७० च्या आसपास यील्ड होतो, आणि हा तर वर्षानुवर्षं भाजलेला. २० न्यूटन-मीटर म्हणजे किती? २० सें.मी. लांब पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर. पान्यात पाइप घालून तो ६० सें.मी. केला, की साडेतीन किलोही पुरतात. म्हणजे एक नारळाची पिशवी टांगली तरी स्टड पिळायला लागणार! हे आकडे मी मामांना दाखवले. ते म्हणाले, "मग आम्ही येवडी वर्षं काय सांगतोय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण थंड होतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावले. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली जायचं नाही, यात चर्चा नाही. मग एअर फिल्टरचा डबा आणि हवेच्या नळ्या काढल्या.

इथेच पहिला पुरावा मिळाला. कंप्रेसरमधून इंटरकूलरला जाणाऱ्या नळीत तेल होतं. नुसता ओलसरपणा नाही, तर नळी तिरकी केल्यावर धार लागली. हे तेल म्हणजे साधी गोष्ट नाही, डिझेल इंजिनात ते घातक ठरू शकतं. इंटरकूलरमध्ये तेल साठलं आणि एखाद्या दिवशी ते एकदम इंजिनने ओढलं, तर इंजिन त्याच तेलावर चालायला लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण चावी डिझेल बंद करते, तेल नाही. आरपीएम वाढत जातात, ते इंजिन फुटेपर्यंत. अशा वेळी गाडी जागेवर उभी असेल तर ब्रेक दाबून वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन गुदमरवायचं, किंवा हवेचं तोंड फळीसारख्या सपाट वस्तूने बंद करायचं. हात लावायचा नाही आणि फडकंही कोंबायचं नाही, कारण इंजिन ते आत खेचून घेतं. काकांचं नशीब की घाटात असं काही झालं नाही. आम्ही इंटरकूलर काढून उलटा करून ठेवला, दुपारपर्यंत ठिबकत होता.

मग टर्बोच्या तोंडातून बोट घालून दांडा हलवून पाहिला. इथे बरेच जण फसतात. तरंगत्या बुशमुळे दांडा आडवा थोडा हलतोच. तेल नसताना तर जास्तच जाणवतो, आणि तेवढ्यावरून "टर्बो गेला" असा निकाल दिला जातो. बघायचं असतं ते दोन प्रकारे : पुढे-मागे ओढून खेळ जाणवतो का, आणि आडवं दाबून फिरवल्यावर चाक घराला घासतं का. आमच्याकडे पुढे-मागे काही जाणवलं नाही. चाक घासत नव्हतं, पाती शाबूत होती. मामा काही बोलले नाहीत, फक्त तंबाखू मळायला लागले. ते विचार करतायत याची ती खूण.

वरचा पातळ पत्र्याचा हीट शील्ड काढला. त्याचे स्क्रू बारीक असतात आणि बहुतेक तुटतातच, त्याचं सुतक करायचं नाही. टर्बोच्या बुडाशी असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सोडवला. त्याच्या आत चिनी मातीच्या जातीचं जाळीदार पोळं असतं, म्हणून हातोडीने ठोकायचं नाही, आणि खालचा सायलेन्सर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. ईजीआरची नळी मॅनिफोल्डपासून वेगळी केली. ती काजळीने भरलेली होती, जुन्या डिझेलमध्ये असतेच. या टर्बोला पाण्याची नळी नाही, त्यामुळे कूलंट सांडायचा प्रश्न आला नाही. ज्या टर्बोला असते त्यांचं पाणी आधी काढून घ्यावं लागतं.

तेलाची येणारी नळी बँजो बोल्टने बसते. बोल्ट पोकळ असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर. वायसर किती निघाले ते मोजून ठेवायचे, नाहीतर एखादा खाली कुठेतरी अडकून राहतो, आणि जुने परत वापरायचे नाहीत. आमची नळी जुनीच होती, म्हणजे मागच्या वेळी टर्बो बदलला पण नळी नाही बदलली. तिच्यात वेल्डिंगची बारीक तार घालून पाहिली तर टर्बोच्या जवळच्या टोकाला अडखळली. गरम इंजिन एकदम बंद केलं की त्या टोकाचं तेल जागच्या जागी भाजतं आणि कोळसा धरतो, थरावर थर. भोक पूर्ण बंद नव्हतं, पण होण्याच्या मार्गावर होतं.

मॅनिफोल्डच्या नटांना मामांनी सहाकोनी गोटी लावली. बाराकोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. प्रत्येक नट आधी किंचित आवळायचा, गंजाची पकड मोडू द्यायची, मग सोडायचा, परत थोडा आवळायचा. टोकाच्या नटांपासून सुरू करून मधे यायचं. एक नट ऐकेना, तेव्हा मामांनी गॅसच्या ज्योतीने नट तापवला. फक्त नट, स्टड नाही, कारण नट फुगला तर आटे सैल होतात. हेड अल्युमिनियमचं असल्याने ज्योत हेडच्या दिशेने अजिबात धरायची नाही. अल्युमिनियम वितळायच्या आधी लाल होत नाही, त्यामुळे डोळ्यांना इशारा मिळत नाही. गरम नटावर मेणबत्ती टेकवली, मेण आट्यांत शोषलं गेलं आणि नट कुरकुरत निघाला. ही युक्ती आपल्या कुठल्याच लॅब मॅन्युअलमध्ये नाही.

सगळ्यात टोकाचा नट मात्र हाताने फिरला. बाहेर आला तो नट आणि अर्धा स्टड. तो आधीच तुटलेला होता, तुटलेला भाग काळा पडला होता आणि पॅकिंगवर काजळीचा पिसाऱ्यासारखा डाग होता. टोकाचाच का तुटला? पुन्हा गणित. मॅनिफोल्ड बिडाचा, लांबी धरा ३०० मि.मी. तापमान ५५० अंशांनी वाढलं तर तो सुमारे १.८ मि.मी. लांबतो. अल्युमिनियमचं हेड प्रसरणाच्या गुणांकात दुप्पट, पण पाण्यामुळे ते ७० अंशांनीच वाढतं, म्हणजे जेमतेम ०.४६ मि.मी. फरक १.३ मि.मी.च्या वर, आणि मध्यापासून मोजलं तर प्रत्येक टोकाला साधारण ०.७. दर वेळी गाडी तापली की टोकाचे स्टड एवढे बाजूला ढकलले जातात, थंड झाली की परत. म्हणून मॅनिफोल्डची भोकं स्टडपेक्षा मोठी ठेवतात, आणि म्हणूनच गंजाने नट चिकटला की ही सवलत संपते आणि फटीग सुरू होतो. काका म्हणायचे की सकाळी टिक-टिक आवाज येतो आणि गरम झाली की जातो, तो या फटीतून सुटणारा वायू होता. मॅनिफोल्ड तापून फुगला की फट मिटायची. घाटातला पिकअप काही अंशी इथेच गळत होता, कारण टर्बाइनला मिळायचा वायू बाहेर जात होता.

तुटलेल्या स्टडचा तुकडा थोडा बाहेर होता. त्यावर एक मोठा नट ठेवून आतून वेल्ड मारलं आणि नट धरून फिरवलं. वेल्डिंगच्या उष्णतेनेच गंज सुटतो, त्यामुळे तो सहज आला. ईझी-आउट नावाचं हत्यार या कामाला मामा वापरत नाहीत. ते आत मोडलं की त्याच्याहून कडक काही गॅरेजमध्ये नसतं.

मॅनिफोल्ड आणि टर्बो एकत्रच बाहेर काढायचे असं ठरलं होतं, कारण दोघांमधले बोल्ट बाकावर सोडवणं सोपं जातं. शेवटी उरली तेलाची परतीची नळी. तिचे दोन बोल्ट सोडवले, नळी खाली आली, आणि मामांनी बॅटरी मारून वर पाहिलं. "हे बघ, हितं हाय चोर."

टर्बोच्या बुडाला, जिथे कागदी पॅकिंग असायला हवं, तिथे लाल सिलिकॉन होतं, भरपूर चोपडलेलं. बोल्ट आवळल्यावर जेवढं बाहेर आलं तेवढं पुसलं गेलं असणार, आणि तेवढंच आतही गेलं. आत जाऊन ते जिभेसारखं लोंबत होतं आणि परतीचं भोक अर्ध्याहून जास्त झाकलं होतं. मगाचं वाक्य आठवा. तेल पंपाच्या दाबाने येतंय, खाली जायला वाट नाही, मग चाकांकडे ओसंडणार. निळा धूर, इंटरकूलरमधलं तेल, कमी होणारं ऑइल, सगळ्याचं उत्तर त्या लाल जिभेत होतं. दांड्याला खेळ का नव्हता तेही कळलं. टर्बो मेला नव्हताच.

काकांना फोन केला. ते पलीकडून दोनदा म्हणाले, "म्हणजे नवा नगं? नक्की?" मामांनी तरीही "नक्की" म्हणायला वेळ घेतला. टर्बो उघडून बुश पाहिले, दांड्यावर निळसर भाजल्याचा डाग नाही याची खात्री केली, आणि मगच होकार दिला. वाळलेलं तेल आणि कोळसा साफ केला, पण चाकांची पाती तारेच्या ब्रशने घासली नाहीत, कारण त्यांचा बॅलन्स बिघडतो.

जाता जाता एक जुना किस्सा. टर्बोचं पेटंट स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांचं, १९०५ चं. पण विक्रीच्या मोटारीत टर्बो यायला १९६२ उजाडलं, आणि त्या पहिल्या गाड्यांपैकी एक होती अमेरिकेची ओल्ड्समोबाइल जेटफायर. तिच्या टर्बोला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून लागायचं, आणि मालक ते भरायलाच विसरायचे. शेवटी अनेक जेटफायरचे टर्बो काढून साधं कार्ब्युरेटर बसवलं गेलं. म्हणजे मोटारीतला टर्बो उतरवण्याची परंपरा टर्बोच्या मोटारीइतकीच जुनी आहे!

बसवताना काम उलट क्रमाने, पण जास्त स्वच्छतेने. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज फिरवली. टोकाला वाकला होता, म्हणून आपल्या वर्कशॉपमध्ये सरफेस ग्राइंडिंग करून घेतलं. नवे स्टड, नवे नट, धातूचं नवं पॅकिंग, कुठेही सिलिकॉन नाही. नट मधून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्याला आवळले. तेलाची नवी नळी, नवे तांब्याचे वायसर, परतीच्या नळीला कागदी पॅकिंग, ऑइल आणि फिल्टर बदलला, आणि इंजिनचा ब्रीदर साफ केला. ब्रीदर तुंबला तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि परतीचं तेल पुन्हा अडतं, मग सगळं मुसळ केरात.

टर्बो कोरडा चालू करायचा नाही, पहिल्या काही सेकंदांतच बुश घासतात. मामांनी वरच्या भोकातून पिचकारीने तेल सोडलं आणि चाक हाताने फिरवलं. मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून फक्त स्टार्टरवर इंजिन फिरवलं, थोडं थोडं, मधे थांबून. परतीच्या नळीचं खालचं टोक मुद्दाम सोडून डब्यात ठेवलं होतं. तिसऱ्या वेळी डब्यात तेल पडायला लागलं, जाड आणि सलग. तेव्हाच नळी जोडली, कनेक्टर लावले आणि चालू केली. दहा मिनिटं नुसती आयडलिंगवर ठेवली. पहिली पाच मिनिटं सायलेन्सरमध्ये उरलेल्या तेलाचा पांढुरका-निळा धूर आला, काका अस्वस्थ झाले, मग तो विरला.

दीड हजार किलोमीटरनंतर, म्हणजे पुण्याच्या तीन फेऱ्या आणि थोडं इकडचं-तिकडचं भाडं झाल्यावर, इंटरकूलरची नळी पुन्हा काढून पाहिली. आत बोट फिरवलं तर नुसता ओशटपणा लागला, आणि डिपस्टिकवर तेल जिथल्या तिथे होतं.